आईने भिजवलेलं पान

“वहिनी, चहा राहू द्या. आधी सांगा, घरात चांगलं पान हाय का?”

चांगुणाआत्या दारातूनच बोलत आली. डोक्यावरची पाटीसुद्धा तिने उतरवली नव्हती. आई आणि मी ओसरीत सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत होतो. आबा, म्हणजे आमचे वडील, भिंतीला टेकून पाय पसरून बसले होते. त्यांना दुसरं कसं बसता यायचं नाही.

“पान कशाला?” आईने विचारलं.

“परवा हौशीला बघायला येत्यात. सिन्नरकडची माणसं. सगुणाबाई म्हणून हायेत, त्यांचा धाकला.”

पान म्हणजे तेंदूचं पान. आमच्या गावात पान म्हटलं की दुसरं काही कुणाच्या मनात यायचं नाही. घरटी दोन-तीन बायका विड्या वळायच्या. कारखान्यातून पान आणि तंबाखू तोलून आणायची, घरी वळायच्या, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून परत नेऊन द्यायच्या. मुलगी दाखवायची तर ती दिसते कशी हे नंतर, आधी वळते किती आणि कशी हे बघत. बघायला आलेली माणसं चहापोहे झाले की सूप मागवायची. मुलीने त्यांच्यासमोर एक जुडी वळून दाखवायची. तंबाखू ते आपली घेऊन यायचे. पान मात्र मुलीच्या घरचं असायचं, आणि ते मुलीच्या आईने भिजवलेलं असायचं. तशीच रीत होती.

“पान चांगलं असलं की पोरगी खपती, असं हाय का चांगुणे?” आबा म्हणाले.

“तू गप रे भाऊ. पोरगी गेल्यावर तंबाखूला पैसे कोण देतं ते बघ आधी.”

आबा हसले. “मालकीणबाई कुठं जाती मला सोडून.”

मालकीणबाई म्हणजे मी. मी तेव्हा वीस वर्षांची होते. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. त्याच्या आधी दोन वर्षं, बाजारात कांद्याची गोणी पाठीवर घेताना आबांची कंबर गेली, ती गेलीच. आईची बोटं विड्या वळून वळून वाकडी झाली होती. तिच्या दिवसाला चारशे निघाल्या तरी खूप. माझ्या हजारावर जायच्या, कधी बाराशे. म्हणून कारखान्यातलं कार्ड आईच्या नावावरून माझ्या नावावर झालं. शनिवारी पगाराच्या खिडकीपुढे आई उभी राहायची, तिथे मी उभी राहायला लागले. बटवा आईच्या कंबरेला असायचा, तो माझ्या कंबरेला आला.

“मुलगा काय करतो?” आईने विचारलं.

“विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. लहानू नाव. कोतुळच्या लग्नात आला होता की. पंगतीत मठ्ठा वाढत होता तो.”

मी मान खाली घातली आणि सुपातली तंबाखू उगाच सारखी केली.

मला तो आठवत होता. त्या पंगतीत माझ्या द्रोणाला भोक होतं. मठ्ठा वाढला की पत्रावळीवर पसरायचा. तो एकदा वाढून गेला, परत येताना द्रोण रिकामा बघून पुन्हा वाढून गेला. तिसऱ्या वेळी आला तो हातात नवा द्रोण घेऊन. जुना उचलला, नवा ठेवला, भरला आणि पुढच्या बाईला विचारलं, “वाढू का मावशी?” माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

“हौसे, तुला काय विचारायचंय का?” आत्या म्हणाली. “नंतर म्हणशील मला कुणी विचारलं नाही.”

“त्यांच्यात पगार कोण आणतं?”

आत्या खो खो हसली. “ऐका वहिनी. पोरगा कसा हाय ते नाही विचारलं, पगार कोण आणतं म्हणं. अगं, सासू आणती. दोन सुना वळत्यात, तू तिसरी. सगुणाबाई स्वतः खिडकीवर उभी राहती. सुनांना पैशाचा तापच नाही. खायचं, वळायचं, झोपायचं.”

“मग चपला घ्यायच्या झाल्या तर?”

“सासूला म्हणायचं, आत्याबाई, चपला तुटल्या. देत्यात की. लई मायाळू बाई हाय.”

आई माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आई कारखान्यात गेली. ती सहसा जायची नाही, मीच जायचे. पण त्या दिवशी तिने मला घरी ठेवलं आणि दिवाणजींपुढे जाऊन उभी राहिली. पोरीला बघायला येत्यात, मऊ पान द्या, म्हणाली. दिवाणजी तोंडाचा फटकळ होता पण मनाचा वाईट नव्हता. त्याने आतल्या पोत्यातलं पान काढून दिलं. आई ते पदराखाली झाकून घेऊन आली, जणू पोरच आणलंय.

संध्याकाळी ती पान भिजवायला बसली. पान भिजवणं हे बघायला सोपं असतं. पाणी जास्त झालं तर पान काळं पडतं, विडी ओढताना विझते. कमी झालं तर वळताना तडकतं. आई मुठीने पाणी शिंपडायची, पान हाताने खालीवर करायची, पुन्हा शिंपडायची. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून वर पाट ठेवायची. मी समोर बसून बघत होते. धाकटी मंजुळा शाळेची वही घेऊन चुलीच्या उजेडाला बसली होती. ती सातवीत होती.

“मंजीच्या फीचं काय करशील?” मी आईला विचारलं.

“बघीन.”

“कशी बघशील?”

“वळीन.”

“या बोटांनी?”

“माझ्या बोटांची तू नको काळजी करू.” ती पान उलटं करत होती. “जायचं तर नीट जायचं, हौसे. मागं बघत बघत जाणारीचं कुठंच नीट होत नाही.”

“आणि आबांची तंबाखू?”

“सोडतील.”

“ऐकतोय मी,” आबा बाहेरून म्हणाले. “मला न विचारता माझी तंबाखू सोडवायला निघाल्या मायलेकी.” मग जरा थांबून म्हणाले, “मालकीणबाई, आठ आणे असले तर द्या. उद्या पाहुणे येत्यात, रिकाम्या चंचीनं कसा बसू.”

“परवा दिलेले संपले?”

“संपले.”

मी बटव्यातून आठ आणे काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले. ते चेष्टेने लावायचे, पण लावायचे.

सकाळी आईने पान गोणपाटातून काढलं, फर्मा ठेवून कात्रीने कापलं आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. मी हात लावून पाहिलं. असं पान मी त्याच्या आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. नव्या लुगड्याच्या काठासारखं बोटावर वळत होतं. त्या पानावर लहान पोरीनेसुद्धा विडी वळली असती.

“मी शेजारून कपबश्या घेऊन येते,” आई म्हणाली. “तू तोंड धू, आणि पिवळं लुगडं नेस.”

ती गेली. मंजुळा पाणी आणायला गेली होती. आबा बाहेर ओट्यावर होते.

मी फडकं उचललं आणि परसात गेले. तिथे न्हाणीवर पत्रा टाकलेला होता. चैत्राचं ऊन होतं, दहा वाजताच पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी गाठ सोडली, पान पत्र्यावर पसरलं आणि तिथेच उभी राहिले. एकदा उलटं केलं. पुन्हा उभी राहिले. मनात काय चाललं होतं म्हणाल, तर फी, तंबाखू, घासलेट, आईची बोटं. मी ती एकामागून एक म्हणत होते. आईच्या चपलांचा आवाज बोळातून आला तेव्हा मी पान गोळा केलं, फडक्यात बांधलं, वरून फडक्यावर चार थेंब शिंपडले आणि जागेवर ठेवून दिलं.

साडेदहाला पाहुणे आले. सगुणाबाई, त्यांचे दीर आणि लहानू. सगुणाबाई अंगाने थोराड होत्या आणि आवाजाने हलक्या. त्यांची बोटंही आईसारखीच वाकलेली होती. बसल्या बसल्या त्यांनी आईचा हात धरून बोटं बघितली आणि म्हणाल्या, “तुमची उजवीकडं गेली. माझी डावीकडं.” आई हसली. दोघींचं जमेल असं वाटलं.

पोहे झाले. दिरांनी नाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. आत्या मधेमधे माझी उत्तरं देत होती. लहानू आबांच्या शेजारी बसला होता. आबांनी त्याला विचारलं, “मोटार पाण्यात पडली तर चालती का हो?” तो म्हणाला, “मोटार चालती. माणूस बाहेर काढावा लागतो.” आबांना तो आवडला.

“आण बाई सूप,” सगुणाबाई म्हणाल्या आणि कमरेची पुडी सोडून तंबाखू माझ्या सुपात ओतली. “घाई करू नको. एकच जुडी. मला वेग नाही बघायचा, हात बघायचाय.”

आईने फडकं माझ्या उजव्या हाताला ठेवलं आणि गाठ सोडून दिली. मी पहिलं पान घेतलं, तंबाखू पसरली, वळायला लागले आणि पान मधोमध तडकलं. तंबाखू मांडीवर सांडली.

“असू दे,” आत्या म्हणाली. “घाबरलीय.”

दुसरं घेतलं. ते वळलं, पण तोंड दुमडताना फुटलं. तिसरं निम्म्यात गेलं. आई पुढे झुकली. तिला फक्त माझा हात दिसत होता, आणि माझा हात तर रोजचाच होता.

“पान सुकलंय,” लहानू म्हणाला. त्या घरात कुणीतरी बोलायला पाहिजे होतं आणि तोच बोलला. “दुसरं घ्या की. सुकलेल्या पानावर कोण कसं वळंल?”

“तू गप,” दीर म्हणाले.

“दुसरं हाय,” आई उठत म्हणाली. “कालचं उरलेलं भिजलेलं हाय, आणते मी...”

“नको,” मी म्हटलं. “होतंय.”

मी मान वर केली नाही. पंचवीस पानं मी एकेक करून संपवली. नऊ विड्या धड झाल्या. बाकीच्या सुपात फुटून पडल्या होत्या. मंजुळा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती रडायला लागली म्हणून आत्याने तिला आत ढकललं.

सगुणाबाईंनी फडक्यातलं एक पान उचललं, कानाजवळ नेलं आणि नखाने टिचकी मारली.

“पान वाजतंय,” त्या म्हणाल्या.

विडी वळणाऱ्या घरात याहून वाईट बोलणं नसतं. पुढे आमच्या गावात कुणाला आमचं घर सांगायचं झालं तर असंच सांगायचे, ज्यांचं पान वाजलं ते घर.

“पान तुम्ही भिजवलं?” त्यांनी आईला विचारलं.

“व्हय.”

“पाणी कमी पडलं बाई.”

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिच्या कपाळाचं कुंकू तेवढं दिसत होतं.

दीर उठले. “बरंय, कळवतो,” असं म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. सगुणाबाई हाताला तंबाखू लागली म्हणून परसात गेल्या. मी तांब्या घेऊन मागे गेले आणि त्यांच्या हातावर पाणी घालायला लागले. न्हाणीच्या पत्र्यावर एक कापलेलं पान राहिलं होतं. त्यांनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“सुकलेलं पान हाताला कळलं नाही, असं वळणारीचं होत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आई दुसरं आणत होती, ते तू घेतलं नाहीस.”

मी पाणी घालत राहिले.

“यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतंस पोरी. मी गुमान चहा पिऊन गेले असते. आईच्या हातावर का ढकललंस?”

त्यांनी लुगड्याला हात पुसले. जाताना ते पान पत्र्यावरून उचललं, चुरगाळलं आणि खाली टाकलं. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर आई सुटली असती.

लहानू चपला घालत होता. त्याने आईला हात जोडले. “येतो मावशी. पोहे चांगले झाले होते,” म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर मला सहन झालं नसतं. मग तिघं बोळाने गेले.

ते कोपऱ्यावर वळायच्या आत आत्या सुटली. “वहिनी, तीस वर्षं पान भिजवताय. आजच पाणी कमी पडायचं होतं? मी तोंड वर करून सांगितलं होतं त्यांना, घर बघाल तर बघत राहाल. काय दाखवलं, तर वाजणारं पान.”

“मी तर मूठभर जास्तच मारलं होतं गं,” आई म्हणाली. ती फडक्यातलं उरलेलं पान हातात घेऊन बसली होती. वाकवून बघायची, तडकलं की दुसरं घ्यायची.

“जास्त मारलं असतं तर हे असं झालं असतं?”

“चांगुणे, बस कर,” आबा म्हणाले. “पानच वाजलं. पोरगी नाही वाजली.”

तेव्हा मी सांगू शकले असते. आत्याने दोन शिव्या दिल्या असत्या, आईने कदाचित मारलं असतं. मी चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसले.

संध्याकाळी आई म्हणाली, “कमीच पडलं असंल.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “कमीच पडलं.” त्यानंतर तिला तशी खात्रीच झाली. ती कसं झालं असेल ते शोधत बसायची. बादली अर्धी होती का, मधे उठून मंजीला वाढायला गेले होते का, गोणपाट नीट भिजलंच नव्हतं का. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून पान आणलं तेव्हा तिने ते माझ्यापुढे सरकवलं. “तू भिजवत जा,” म्हणाली. त्यानंतर पुढे पंचवीस वर्षं ती वळत होती, तोंडं बांधत होती, जुड्या करत होती, पण पान भिजवायला तिने हात लावला नाही.

त्या शनिवारी पगार घेऊन मी बाजारात गेले आणि आईला हिरवं लुगडं घेतलं. घरी येऊन तिच्या मांडीवर ठेवलं. तिने काठ बघितला, किंमत विचारली आणि घडी न मोडता पेटीत ठेवून दिलं.

“नेस की,” मी म्हटलं.

“तुझं लग्न झाल्यावर नेसंन.”

दोन वर्षांत आणखी दोन ठिकाणची माणसं आली. एकांनी पोहे खाल्ले आणि सूप न मागताच गेले. दुसऱ्यांनी आधीच निरोप पाठवला की पान आम्ही आमचं आणू. आईने तो निरोप ऐकला आणि ती उठून परसात गेली. मी त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. पुढे कुणी आलं नाही. लहानूचं लग्न त्याच वर्षी झालं असं आत्याने सांगितलं. मुलगी ठाणगावची होती, सहाशे वळायची.

मंजुळाची फी मी भरली. सातवीची, दहावीची, मग नगरला नर्सच्या कोर्सची. तिला नोकरी लागली त्या महिन्यात आबा गेले. मंजुळाचं लग्न मी केलं, मांडव माझ्या पैशाने घातला. भावकीतले लोक माझ्याकडे बोट दाखवून आपल्या पोरींना म्हणायचे, बघा, घरासाठी जन्म काढला. मी ते ऐकत आले. मलाही ते खरंच वाटत होतं. मंजुळानेच पुढे उतारवयात मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, म्हणून आज हे लिहिता येतंय. लिहायला बसलं की थांबून विचार करावा लागतो, आणि माझं अक्षर लावायचं काम अजून सावकाश चालतं.

पत्र्यापाशी उभी राहून मी फी, तंबाखू, घासलेट म्हणत होते ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आदल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं. चपला तुटल्यावर मी कुणापुढे तरी उभी आहे आणि म्हणते आहे, आत्याबाई, चपला तुटल्या. त्या देतीलही. मायाळू होत्या. पण मी तशी उभी राहणार होते. इथे आई माझ्यापुढे उभी राहायची. “हौसे, तेल संपलंय,” असं मान जरा वाकडी करून म्हणायची आणि मी लगेच बटव्याला हात घालायचे नाही. “इतक्यात कसं संपलं?” असं आधी विचारायचे. मग द्यायचे. मला ते विचारायला आवडायचं. मला लहानू पाहिजे होता आणि बटवाही पाहिजे होता. दोन्ही एका घरात मिळणार नव्हतं. मी निवडला तो बटवा, आणि त्याला नाव दिलं घराचं.

आई गेली ते साल लातूरच्या भूकंपानंतरचं सहावं. तिच्या छातीत पाणी झालं होतं. मंजुळा रजा टाकून आली होती, तिनेच सलाईन लावलं होतं. दुपारची वेळ होती. मंजुळा बाहेर ओसरीत विचारपूस करायला आलेल्या बायकांशी बोलत होती. मी आईच्या उशापाशी बसून तिला चमच्याने पाणी पाजत होते.

“हौसे,” ती म्हणाली. “दार लोट जरा.”

मी दार लोटलं.

“तुला एक सांगायचंय. लई वर्षं झाली. सांगावं म्हणायची आणि राहायचं.”

“दमशील. उद्या सांग.”

“उद्याचं काय खरं.” तिने दम घेतला. “त्या दिवशीचं पान.”

“आई, कुठलं काय काढतीस.”

“ऐक की. त्या दिवशी पाणी कमी पडलं. पण का पडलं ते मला कळलंय. आधी कळत नव्हतं. मी भिजवत होते आणि तू समोर बसली होतीस. मंजीच्या फीचं विचारत होतीस. मी बघीन बघीन म्हणत होते, पण मनात दुसरंच होतं. ही गेली तर शनिवारी खिडकीवर कोण जाईल? तेच एक डोक्यात चाललं होतं.” ती थांबली. मी पाणी पुढे केलं, तिने नको म्हणून मान हलवली. “मुद्दाम नाही केलं गं. देवाशपथ. पण हातानं केलं असंल. मनात होतं ते हाताला कळलं असंल. तुझ्या पैशासाठी मी तुला ठेवून घेतलं. लेकीचा संसार खाल्ला मी.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती पंचवीस वर्षं हे घेऊन वावरत होती. माझ्याकडे तेलाला पैसे मागताना, मी “इतक्यात कसं संपलं” असं विचारताना, मान वाकडी करून उभी राहताना.

“बोल की काहीतरी,” ती म्हणाली. “शिव्या दे पाहिजे तर.”

मी तोंड उघडलं. पहिला शब्द ओठावर आला होता. बाहेर मंजुळा कुणाला तरी सांगत होती. तिचा आवाज स्पष्ट येत होता. “आक्का नसती तर आज मी सूप घेऊन बसले असते बघा. तिनं लग्न नाही केलं आमच्यापायी. आईपेक्षा जास्त आहे ती मला.” आणि एक म्हातारी म्हणाली, “देवमाणूस हाय हौसाबाई.”

आई वाट बघत होती.

“मी कधी राग धरला नाही, आई,” मी म्हटलं. “झालं ते झालं. मी तुला माफ केलं.”

तिचा चेहरा एकदम सैल झाला. असा मी तो कधी बघितला नव्हता. तिने माझा हात शोधला, तो दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या कपाळाला लावला.

मी तो लावू दिला.